दुसऱ्या हाताची बारा पानं

१

दर रविवारी दुपारी दोन वाजता आलाइदा नायनहाउस पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसायची, चष्मा पुसायची आणि मोठ्याने आकडे वाचायला लागायची. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. झुट्फेनमधल्या त्या अरुंद घरात पुढची खोली तिची, मागची थोरल्या बहिणीची, योसिनाची. मधे सरकती दारं. दारांना काचा होत्या, पण एकीचे आकडे दुसरीला दिसू नयेत म्हणून दोघींनी मिळून त्यांवर तपकिरी कागद चिकटवला होता. दाराशेजारी भिंतीतलं कपाट होतं, दोन्ही खोल्यांतून उघडणारं. आठवड्याचं पान झालं की योसिना तिच्या बाजूने ते फळीवर ठेवायची, आलाइदा आपल्या बाजूने उचलायची.

नव्वद लाखांपासून एक कोटीपर्यंतची संख्या न संख्या तपासायची, असं ते काम होतं. तिला सर्वांत लहान कुठल्या संख्येने भाग जातो? कशानेच जात नसेल तर ती अविभाज्य. तिच्यापुढे आडवी रेघ. भाजक एकूण किती? स्वतःला सोडून बाकीच्या भाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी भरली तर न्यून, जास्त भरली तर अधिक. हे एकीने करायचं आणि तेच दुसरीने, एकमेकींना न विचारता. रविवारी धाकटीने वाचायचं आणि थोरलीने आपल्या पानावर बघून दाराआडून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. संख्यांचे तक्ते छापणाऱ्या डेव्हेंटरच्या तक्ता मंडळाचा नियमच होता, दोन हातांनी वेगवेगळी केल्याखेरीज एकही ओळ छापायची नाही. पहिला हात आलाइदाचा, दुसरा योसिनाचा.

एका पानात हजार संख्या, आठवड्याला एक पान. दोघी मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, दोघींची लग्नं झाली नव्हती, आणि दोघींना माणसांनाही संख्यांची नावं ठेवायची खोड होती. चर्चचे नवे पाद्री ‘अधिक’ होते. शेजारच्या विसिंकबाईंना, योसिना म्हणायची, कशानेही भाग जातो.

१९३४च्या जानेवारीत त्यांनी एक कोटीचा टप्पा ओलांडला आणि पुढच्या भागाचं पहिलं पान सुरू केलं. त्या दिवशी दोघींनी कॉफीबरोबर डब्यातलं दुसरं बिस्किट घेतलं. नऊ फेब्रुवारीला योसिना न्यूमोनियाने गेली.

दफन मंगळवारी झालं. पुढच्या रविवारी दोन वाजता आलाइदा टेबलाशी बसली. ओळ वाचायची, थांबायची, उत्तर आलं की पुढची ओळ. इतक्या वर्षांचं कानात बसलेलं असतं, असं तिने स्वतःला सांगितलं. पान संपल्यावर तिने कपाट उघडलं आणि दुसऱ्या हाताचं पान उचललं. ताई कामात नेहमीच पुढे असायची. बरीच पानं करून ठेवली असणार.

फळीवर दर रविवारी एकच पान असायचं. याचा मात्र तिने विचार केला नव्हता.

२

मे महिन्याच्या मध्याला मंडळाचं पत्र आलं. चिटणीस टेन काते यांचं अक्षर सुबक होतं आणि मजकूर त्याहून सुबक.

एक कोटीपुढच्या पाचव्या पानावर चूक सापडली आहे. एक कोटी चार हजार पाचशे एकोणसत्तर ही संख्या दोन्ही बहिणींनी अविभाज्य दाखवली आहे. ती वस्तुतः तीन हजार एकशे त्रेसष्टचा वर्ग आहे. दोन स्वतंत्र हात एकाच जागी एकच चूक करतील हे मंडळाला पटत नाही. दुसऱ्या हाताने पहिल्याचं बघून उतरवलं, असंच मानावं लागतं. आणि एकदा उतरवलं असेल तर पूर्वी उतरवलं नसेलच असं म्हणता येत नाही. सबब, छपाईला निघालेल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरून योसिना नायनहाउस यांचं नाव गाळण्याचा मंडळाचा विचार आहे. दिवंगत व्यक्तीबद्दल आदर राखून, वगैरे.

आलाइदाने कोट न काढताच पत्राच्या पाठीवर गुणाकार केला. तीन हजार एकशे त्रेसष्ट गुणिले तीन हजार एकशे त्रेसष्ट. बरोबर होतं. तीनच भाजक असलेली विषम, न्यून संख्या. शाळेतल्या मुलीनेही वर्गमूळ काढलं असतं तर सापडली असती.

तिने पत्राची घडी केली, पुन्हा उलगडली आणि टेबलावर आपटली.

"उतरवलं म्हणे," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "ताईने!"

योसिनाने आयुष्यात दुसऱ्याचं काही मान्य केलं नव्हतं, उतरवायचं तर लांबच. दुकानदाराने दिलेली पावती ती त्याच्यासमोर पुन्हा जोडून बघायची. डॉक्टर म्हणाला ताप एकशे तीन, तर म्हणाली, तुमचा थर्मामीटर दाखवा.

३

बुधवारी शाळा अर्धी असते. आलाइदा दुपारच्या गाडीने डेव्हेंटरला गेली. टेन काते सत्तरीचे, निवृत्त भूमापक. त्यांनी खुर्ची पुढे केली. ती उभीच राहिली.

"बसा तर खरं, आलाइदाबाई."

"बसायला नाही आले. मंडळात कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"सगळ्यांच्या. मलाही आनंद नाही झाला." त्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. "तुम्हीच बघा. पाचशे एकोणसत्तरावी ओळ. तुमची रेघ, ह्यांची रेघ."

"रेघ तर दिसतेय."

"मग तुम्ही सांगा मला. पंचवीस वर्षं मी जमिनी मोजल्या. दोन माणसं वेगवेगळी मोजायला पाठवली की चुका वेगवेगळ्या येतात. सारखी चूक आली की समजायचं, एक जण झाडाखाली बसून होता."

"ताई झाडाखाली बसणाऱ्यांतली नव्हती. तिच्याशी तुमचं कधी पटलंय का एका तरी गोष्टीवर?"

"कधीच नाही," टेन काते म्हणाले आणि क्षणभर हसले. "मलाही तेच खटकतंय. एवढी भांडखोर बाई, आणि ह्या बारा पानांत तिचा तुमच्याशी एकही मतभेद नाही. पूर्वी पानाला चार-पाच खाडाखोडी असायच्या. पाचव्या पानापासून सोळाव्यापर्यंत सगळं स्वच्छ."

पानाच्या कोपऱ्यात पडताळ्याची तारीख होती. अठरा फेब्रुवारी. आलाइदाने स्वतःच घातलेली. ती शेवटी त्या खुर्चीत बसली.

"तिने आधीच करून ठेवली होती," ती म्हणाली.

"बारा पानं? आजारपणात?"

"ती पुढे असायची."

"मग तिची कच्ची पानं असतीलच. भागाकार केलेली. आणि अविभाज्यांची पट्टी, ज्या आकड्यांनी भागून बघायचं त्यांची. ती आणा सोमवारपर्यंत." त्यांचा आवाज मऊ झाला. "मला ते नाव गाळायचं नाहीये, बाई. पण मला काहीतरी हातात द्या."

४

दुसऱ्या दिवशी शाळेतून परतताना दारातच विसिंकबाई भेटल्या. हातात पांढऱ्या शतावरीची जुडी.

"घ्या, आमच्या भावाच्या मळ्यातली. किती वाळलात हो! रविवारी तरी जरा विश्रांती घ्यावी माणसानं."

"माझ्या वाचण्याचा त्रास होतो का तुम्हाला?"

"छे! आता कसला त्रास? योसिनाबाई होत्या तेव्हा त्यांचं ‘नाही’ भिंतीतून आमच्या सुपाच्या वाटीपर्यंत यायचं. आमचे हे म्हणायचे, झालं, धाकटीला पकडलं! आता तुम्ही आपल्या वाचता आणि स्वतःच ‘हो’ म्हणता. एकटं पडलं की बोलतंच माणूस. माझी मावशी तर स्टोव्हशी बोलायची."

"मी ‘हो’ म्हणत नाही."

"बरं बाई, नसाल म्हणत."

"मी फक्त वाचते. नीट ऐकल्याशिवाय काही बोलत जाऊ नका."

विसिंकबाईंचा चेहरा पडला. "तुमचा आवाज मी ओळखणार नाही का, आलाइदाबाई?" असं पुटपुटत त्या आत गेल्या. शतावरी उंबऱ्यावरच राहिली.

आलाइदा घरात आली ती त्याच तिरीमिरीत बोळातून मागच्या खोलीच्या दाराशी गेली. दफनाच्या दिवसापासून ते तिने उघडलं नव्हतं. किल्ली गंजली होती, दोनदा अडकली.

आत बागेकडच्या खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. त्या उन्हात टेबलावरची धूळ दिसत होती, साईसारखी, सलग. दौतीतली शाई सुकून तळाला तडकली होती. खुर्ची टेबलात सरकवलेली. आलाइदाने खण उघडला. योसिनाची कच्ची पानं तारखेवार बांधलेली होती. पहिलं पान, दुसरं, तिसरं, चौथं. चौथ्याची शेवटची ओळ तीन फेब्रुवारीची. त्याखाली कोरे कागद.

पट्टीही तिथेच होती, पुठ्ठ्याची, कडा हाताने काळ्या झालेल्या. आलाइदाने आपली पट्टी आणून शेजारी ठेवली. तिची पट्टी जुनी, एक कोटीपर्यंतच्या कामासाठी केलेली. तीन हजार एकशे सदतीसपाशी संपत होती. योसिनाने आपल्या पट्टीला नवा तुकडा जोडला होता आणि त्यावरचा पहिलाच आकडा होता तीन हजार एकशे त्रेसष्ट.

बिस्किटाचा तो दिवस तिला आठवला.

"पट्टी वाढवलीस का गं?"

"वाढवते, ताई. शाळामास्तरीणपणा करू नकोस."

"मी आहेच शाळामास्तरीण. तूही आहेस."

पट्टी न वाढवल्याने फसावं अशी पहिली संख्या तीच होती, आणि आलाइदा तिथेच फसली होती. योसिना फसली नसती. योसिना त्या ओळीपर्यंत पोचलीच नव्हती.

जाता जाता तिने भिंतीतलं कपाट ह्या बाजूने उघडलं. खोलीभर धूळ होती. फळी तेवढी पुसल्यासारखी लखलखीत.

५

शुक्रवार, शनिवार तिने विचार करण्यात घालवले. गणित शिकवणाऱ्या बाईने करावा तसा, एकेक शक्यता खोडत.

कुणी घरात येत असेल? किल्ली एकच होती, आणि धूळ मोडलेली नव्हती.

ती स्वतःच लिहीत असेल? दुःखात माणसं काय काय करतात आणि विसरतात. तिने कागद घेतला आणि योसिनाच्या अक्षरात सात काढायचा प्रयत्न केला, मधे आडवी दांडी असलेला, मागे झुकलेला. योसिना डावखुरी होती. आलाइदाने डाव्या हाताने पन्नास सात काढले. एकही जमला नाही. आठवड्याचे तास तिने मांडून बघितले: शाळा, वह्या, स्वयंपाक, स्वतःचं पान. दुसऱ्या पानाचे बारा तास त्यात कुठेच मावत नव्हते.

मग एकच आकडा उरला आणि तो तिला खोडता येईना. फेब्रुवारीपासून दाराआडून एकदाही ‘नाही’ आलं नव्हतं. बारा पानं, बारा हजार ओळी, आणि प्रत्येक ओळीला ‘हो’. तिच्या हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. तिला बरं वाटत होतं. एकोणीस वर्षांनी कुणीतरी तिचं सगळं बरोबर ठरवत होतं, आणि ती दर रविवारी ते ऐकायला बसत होती.

या विचाराने तिला इतका संताप आला की तिने हातातली पेन्सिल मोडली.

६

रविवारी पेंटेकॉस्टच्या सणाच्या घंटा चर्चमध्ये वाजून गेल्या. ऊन होतं. विसिंक मंडळी सायकली काढून बाहेर पडल्याचं तिने ऐकलं. दोन वाजता ती टेबलाशी बसली, सतरावं पान पुढे घेतलं, आणि पानाकडे न बघता बोलली.

"एक कोटी सोळा हजार दोन. अविभाज्य."

संख्या सम होती. पहिलीतल्या पोरानेही हात वर केला असता.

"हो," दाराआडून आलं.

कानातलं नव्हतं ते. तपकिरी कागद किंचित थरथरला, जवळ कुणी बोललं की थरथरायचा तसा.

"एक कोटी सोळा हजार दोन. विषम."

"हो."

आलाइदाचा आवाज चढत गेला. "ताई अशी नव्हती. ताई आत्तापर्यंत दार फोडून बाहेर आली असती. पाचव्या पानावर तू रेघ मारलीस. का मारलीस? मी मारली म्हणून?"

"हो."

"तू योसिना आहेस?"

"हो."

"तू योसिना नाहीस."

"हो," तितक्याच शांतपणे, मागच्या ओळीवरून पुढच्या ओळीवर आल्यासारखं.

"तुझ्यामुळे तिला चोर ठरवतायत!" आलाइदा ओरडली. "मरेपर्यंत जिने कुणाचं एक अक्षर घेतलं नाही, तिला!"

"हो."

ती उठली आणि दोन्ही हातांनी दार ओढलं. लाकूड फुगलं होतं. वीतभर सरकून ते अडकलं. त्या फटीतून मागची खोली दिसली, ऊन, टेबलाचा कोपरा, आणि टेबलाशी पाठमोरं बसलेलं कुणीतरी. केस मानेवर बांधलेले. अंगात करडा लोकरीचा स्वेटर, उजव्या कोपरावर निळ्या लोकरीने रफू केलेला. करडी संपली होती म्हणून निळी. आलाइदाने आपल्या कोपराकडे पाहिलं. निळं रफू जिथल्या तिथे होतं.

टाक कागदावर टेकलेला होता, हलत नव्हता. पुढची ओळ सांगितली जायची वाट बघत होता.

आलाइदाने श्वास घेतला. पलीकडचे खांदेही वर झाले. तिने तो रोखून धरला, तेही थांबले. मग मान वळू लागली, अगदी सावकाश, आणि तेव्हा आलाइदाला कळलं की तिची स्वतःची मानही, बघायचं नाही म्हणून, दाराकडून वळते आहे.

तिने दार खेचून लावलं.

७

पत्र तिने तिथेच, उभ्याने लिहिलं. पहिले दोन मसुदे फाडले. त्यांत स्वतःची बाजू फार होती. खरं सांगितलं असतं तर टेन कातेंनी तिला डॉक्टरकडे पाठवलं असतं आणि वेड्या बाईच्या साक्षीवर योसिनाचं नाव काही राहिलं नसतं. त्यांना हातात धरता येईल असं काहीतरी हवं होतं. कच्ची चार पानं आणि वाढवलेली पट्टी तिने पाकिटात भरली. उरलेल्या बारा पानांना एक गुन्हेगार लागत होता, आणि जिवंत एकच होती. मंडळ तिला काढून टाकेल. शाळेपर्यंत गोष्ट जाईल. झुट्फेन लहान गाव आहे.

सही केली, शाई टिपली. एकोणीस वर्षांत त्या घरातून कुठलाही कागद मोठ्याने वाचल्याशिवाय गेला नव्हता. तिने कोट चढवला आणि पत्र हातात घेऊन दाराकडे तोंड करून उभी राहिली. आवाज ठाम होता.

"योसिना नायनहाउस नऊ फेब्रुवारीला वारली."

"हो."

"नव्वद लाखांपासून एक कोटीपर्यंतची सर्व पानं, आणि एक कोटीपुढची पहिली चार, तिने स्वतः, कुणाचंही न बघता केली."

"हो."

"पाचव्या पानापासून तिचा हात कशालाही लागलेला नाही. एक कोटी चार हजार पाचशे एकोणसत्तरची चूक तिची नाही."

"हो."

"तिचं नाव मुखपृष्ठावर राहावं. माझं गाळलं तरी चालेल."

"हो."

आलाइदा शेवटच्या ओळीवर आली.

"दुसऱ्या हाताची ती बारा पानं मी लिहिली."

रस्त्यावरून एक सायकल गेली. तपकिरी कागद आत ओढला गेला, जसा कुणीतरी खोल श्वास घेतल्यावर जाईल.

"नाही."

आवाज आलाइदाचा होता. विसिंकबाईंनी बरोबर ओळखला होता. आणि त्यात राग होता, आपण केलेलं काम दुसऱ्याच्या नावावर लागताना यावा तसा.

तिने पत्र पाकिटात घातलं, कड ओली करून चिकटवली आणि बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या पेटीत ते पडल्याचा आवाज तिने नीट ऐकला. योसिनाच्या नावाला आता कुणी हात लावणार नव्हतं.

ऊन चांगलं होतं. लोक चर्चच्या कपड्यांत फिरायला निघाले होते. दोघांनी टोप्या काढून तिला अभिवादन केलं. ती पेटीवर हात ठेवून उभी राहिली, बराच वेळ. घरी जायला पाय उचलेना. तिथे आता तिच्यावर कुणीतरी रागावलेलं होतं.